कै. कनु गांधी : सेवाग्रामचे विस्मृत छायाचित्रकार

देवालयाचा जीर्णोद्धार म्हटला की दगड, वाळू, सिमेंट, गवंडी आणि देणगी या गोष्टी प्रथम डोळ्यांपुढे येतात. ज्यांनी यथाशक्ती धन दिले त्यांची नावे पाटीवर कोरली जातात आणि ती कोरली जावीत हे योग्यच आहे. ज्यांनी अंगमेहनत केली त्यांचेही आभार मानले जातात. परंतु काम चालू असताना ज्याने त्याची नोंद ठेवली, त्याची आठवण सहसा कोणास होत नाही. जमाखर्चाची वही लिहिणारा आणि फोटो काढणारा हे दोघे कायम चौकटीच्या बाहेरच राहतात. फोटोत सारा गाव दिसतो, पण फोटो काढणारा तेवढा दिसत नाही.

याचे एक मोठे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात घडले आहे. महात्मा गांधींचा फोटो नाही अशी ग्रामपंचायत कचेरी किंवा शाळा आपल्या सोलापूर जिल्ह्यात क्वचितच सापडेल. झोपडीच्या ओसरीवर बसून पत्र लिहिणारे गांधीजी, रोग्याची शुश्रूषा करणारे गांधीजी, रेल्वेच्या खिडकीतून हात पुढे करून फंडासाठी पैसे मागणारे गांधीजी, अशी छायाचित्रे आपण पुस्तकांतून आणि कॅलेंडरांवर पाहत आलो. ती कोणी काढली, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. यांतील कितीतरी छायाचित्रे वर्धा जिल्ह्यातील एका खेड्यात राहून, तेथील टपाल व हिशेबाचे काम सांभाळून, एका तरुणाने काढलेली आहेत. त्याचे नाव कनु गांधी.

शेगावचे सेवाग्राम कसे झाले

गांधीजी १९३६ च्या एप्रिल महिन्याच्या अखेरीस वर्ध्याजवळच्या शेगाव नावाच्या खेड्यात राहावयास गेले. वर्ध्यापासून हे गाव सुमारे ८ किलोमीटरवर आहे. त्या वेळी तेथे धड रस्ता नव्हता. वस्ती मुख्यतः हरिजन बांधवांची व गरीब शेतमजुरांची होती. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात फुफाटा आणि बारमाही हिवताप असा तेथला प्रकार होता. जमीन शेठ जमनालाल बजाज यांची होती. राहण्यासाठी जी झोपडी बांधावयाची तिचा खर्च पाचशे रुपयांच्या वर जाऊ नये आणि साहित्य व मजूर जवळपासचेच असावेत, अशी गांधीजींची अट होती. माती, बांबू आणि कौले यांतून ती झोपडी उभी राहिली.

गजानन महाराजांचे शेगाव बुलढाणा जिल्ह्यात आहे हे आपणा सर्वांना ठाऊक आहेच. नावाच्या सारखेपणामुळे टपालाचा घोटाळा होऊ लागला. गांधीजींची पत्रे तिकडे जात. म्हणून १९४० साली या खेड्याचे नाव सेवाग्राम असे करण्यात आले. टपालाच्या सोयीसाठी ठेवलेले हे नाव पुढे साऱ्या जगात गेले.

सेवाग्राम आणि आपला भाग यांचा संबंध अगदीच नाही असे नाही. सांगोले तालुक्याला लागून असलेला आटपाडीचा मुलूख त्या काळी औंध संस्थानात मोडत असे. औंधचे राजे भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली गावोगावच्या पंचायतींच्या हाती कारभार देणारी घटना लागू केली. तिच्यासाठी गांधीजींचा सल्ला याच खेड्यात घेण्यात आला होता.

हिशेब आणि टपाल

कनु गांधी यांचा जन्म १९१७ साली झाला. त्यांचे वडील नारणदास गांधी हे गांधीजींच्या चुलत भावाचे चिरंजीव. म्हणजे नात्याने कनु हे गांधीजींचे चुलत नातू लागत. वर्ध्याच्या मगनवाडीला ज्यांचे नाव दिले आहे ते मगनलाल गांधी हे नारणदासांचे बंधू. अशा रीतीने आश्रमाचे संस्कार त्यांना घरातच मिळाले. कनु यांना डॉक्टर व्हावयाचे होते. परंतु आईवडिलांच्या इच्छेनुसार वयाच्या विशीच्या सुमारास ते गांधीजींच्या कार्यालयात दाखल झाले.

कार्यालय म्हणजे काय, तर मातीच्या भिंतीची एक खोली, खाली अंथरलेली चटई आणि लिहावयास छोटी डेस्के. देशभरातून आणि परदेशातून येणाऱ्या पत्रांचा रोजचा ढीग पडे. महादेवभाई देसाई, प्यारेलाल, राजकुमारी अमृत कौर अशी मोठी माणसे तेथे काम करीत. कनु यांच्याकडे पत्रव्यवहारातील मदत व हिशेब अशी कारकुनी स्वरूपाची कामे होती. गांधीजींचा हिशेबातील काटेकोरपणा प्रसिद्धच आहे. आलेल्या पत्राच्या कोऱ्या पाठीवर लिहिणे, पाकिटे उलटून पुन्हा वापरणे आणि सार्वजनिक पैशाच्या पैपैचा हिशेब ठेवणे ही तेथली रीत होती. अशा ठिकाणी हिशेब राखणे हे साधे काम नव्हे.

प्रार्थनेच्या वेळी भजने म्हणण्यातही कनु पुढे असत. पंडित नारायण मोरेश्वर खरे यांच्या परिश्रमातून तयार झालेल्या आश्रम भजनावलीत आपल्या मराठी संतांचे अभंगही आहेत. तुकोबांच्या काही अभंगांचा खुद्द गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात १९३० साली इंग्रजी अनुवाद केला होता. तेव्हा सेवाग्रामची सायंप्रार्थना आपल्या भजनी मंडळाच्या माणसाला परकी वाटली नसती.

शंभर रुपये आणि तीन अटी

कनु यांच्या मनात छायाचित्रणाची आवड निर्माण केली ती आचार्य विनोबा भावे यांचे धाकटे बंधू शिवाजी भावे यांनी. आश्रमातील दिनक्रम कोणीतरी टिपून ठेवला पाहिजे असे त्यांना वाटले. परंतु कॅमेरा आणावयाचा कोठून? गांधीजींनी आश्रमाचा पैसा या कामी देण्यास स्वच्छ नकार दिला. गरिबांच्या सेवेसाठी लोकांनी दिलेला पैसा स्वतःच्या फोटोंवर खर्च होणे त्यांना मान्य होणे शक्यच नव्हते. अखेर उद्योगपती घनश्यामदास बिर्ला यांनी कनु यांना शंभर रुपये भेट दिले. त्यातून रोलिफ्लेक्स कॅमेरा आणि फिल्मचा एक रोल खरेदी झाला.

गांधीजींनी परवानगी दिली, पण तीन अटी घातल्या. पहिली अट अशी की, फ्लॅशचा उजेड पाडावयाचा नाही. दुसरी, छायाचित्रासाठी गांधीजी बसणार नाहीत, थांबणार नाहीत, वळून पाहणार नाहीत. आणि तिसरी, आश्रम याचा एक पैसाही खर्च उचलणार नाही.

या अटींचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. आज खिशातील मोबाईलवर शेकडो फोटो निघतात आणि नको असलेले पुसून टाकता येतात. त्या काळच्या रोलिफ्लेक्सच्या एका रोलवर अवघी १२ छायाचित्रे निघत. फिल्म आजच्या मानाने मंद होती, म्हणजे तिला उजेड भरपूर लागे. सेवाग्रामच्या झोपड्या ठेंगण्या, भिंती मातीच्या आणि खिडक्या लहान. पहाटेची प्रार्थना अंधारात होई आणि रात्रीचे काम कंदिलावर चाले. गांधीजी चालत ते झपाझप. अशा स्थितीत फ्लॅश नाही, थांबा म्हणण्याची सोय नाही, आणि रोल वाया गेला तर दुसऱ्यासाठी पैसा स्वतःच उभा करावयाचा. कनु यांनी आपली छायाचित्रे वृत्तपत्रांना देऊन फिल्मचा खर्च भागविला. कलकत्त्याचे अमृत बझार पत्रिका हे वृत्तपत्र त्यांची छायाचित्रे घेत असे.

रोलिफ्लेक्सचा एक विशेष सांगण्यासारखा आहे. हा चौकोनी पेटीसारखा कॅमेरा डोळ्याला लावीत नसत. तो पोटाजवळ धरून, मान खाली घालून, वरच्या काचेत पाहावयाचे असते. फोटो काढणारा समोरच्याकडे रोखून पाहत नाही, त्यामुळे समोरच्या माणसालाही अवघडल्यासारखे होत नाही. मान लववून काम करणारा हा कॅमेरा त्या आश्रमाला साजेसाच होता.

याच्याशी ताडून पाहावी अशी एक हकीकत आहे. १९४६ साली मार्गारेट बर्क-व्हाइट या प्रख्यात अमेरिकन छायाचित्रकार बाई पुण्यास गांधीजींचे छायाचित्र काढण्यास आल्या. आधी चरखा चालविण्यास शिका, असे त्यांना सांगण्यात आले. मग फ्लॅशचे मोजके तीन बल्ब वापरण्याची परवानगी मिळाली. त्यातून निघालेले चरख्यामागच्या गांधीजींचे छायाचित्र जगप्रसिद्ध झाले आणि काढणाऱ्या बाईंचे नावही त्याबरोबर अमर झाले. बाई काही दिवस आल्या आणि गेल्या. कनु यांना एकही बल्ब नव्हता. त्यांच्याजवळ होता तो केवळ सहवास, आणि तो सुमारे १० वर्षांचा होता.

कॅमेऱ्याने पाहिलेले खेडे

१९३८ ते १९४८ या काळात कनु यांनी जे टिपले ते दरबारी थाटाचे नाही. खाटेवर पडलेला रोगी, सूत कातणारी माणसे, उन्हात चालणारे गांधीजी आणि त्यांच्या काठीशी खेळणारी मुले, कस्तुरबांचा सुरकुतलेला शांत चेहरा, असे विषय त्यांच्या छायाचित्रांत दिसतात. काही छायाचित्रे काळसर आहेत, काहींत माणसे पाठमोरी आहेत, काहींत हात किंवा पाय हललेला आहे. दुकानातल्या फोटोच्या हिशेबाने हे दोष होत. परंतु जे जसे घडत होते तसेच ते राहिले, हा त्यांचा मोठा गुण आहे.

यांतील एका प्रसंगाचा विशेष उल्लेख केला पाहिजे. परचुरे शास्त्री हे महाराष्ट्रातील संस्कृतचे गाढे पंडित. येरवडा तुरुंगात त्यांची व गांधीजींची ओळख झालेली होती. पुढे त्यांना महारोग जडला. समाजाने दूर लोटलेले शास्त्रीबुवा १९३९ साली सेवाग्रामला आले. त्या वेळी या रोगावर आजच्यासारखी खात्रीची औषधे नव्हती आणि रोग्याच्या सावलीचीही लोक धास्ती घेत. गांधीजींनी त्यांना ठेवून घेतले, आपल्या झोपडीजवळ त्यांच्यासाठी झोपडी बांधविली आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या अंगाला मालीश करण्याचा नेम धरला.

कनु यांच्या कॅमेऱ्याने हे दृश्य टिपले आहे. गांधीजी खाली बसले आहेत, हात शास्त्रीबुवांच्या अंगावर आहे आणि लक्ष सर्वस्वी त्या कामात आहे. १९४० सालच्या दुसऱ्या एका छायाचित्रात गांधीजी सूक्ष्मदर्शक यंत्रातून महारोगाचे जंतू पाहताना दिसतात. दोन्ही छायाचित्रे शेजारी ठेवली की एक गोष्ट लक्षात येते. नुसती दया पुरेशी नाही, रोग समजूनही घेतला पाहिजे, असे ते वर्तन होते. गांधीजींचा स्मृतिदिन ३० जानेवारी हा आपल्या देशात कुष्ठरोग निवारण दिन म्हणून पाळला जातो. हजार शब्दांनी जो संस्कार झाला नसता तो या एका छायाचित्राने अनेकांवर केला असेल.

गांधीजींच्या प्रवासातही कनु बरोबर असत. १९४० साली शांतिनिकेतनात रवींद्रनाथ ठाकूर यांच्या भेटीची छायाचित्रे त्यांनी काढली. १९४५-४६ च्या दौऱ्यात रेल्वेच्या डब्याच्या खिडकीतून हरिजन फंडासाठी पुढे केलेला गांधीजींचा हात आणि फलाटावर झोंबणारी गर्दी त्यांनी टिपली. स्वाक्षरीसाठीही गांधीजी फंडाला पाच रुपये घेत असत. या स्मरणिकेच्या देणगीदारांनी ते छायाचित्र अवश्य पाहावे. त्यात कोणाही देणगीदाराचे नाव नाही. पुढे आलेले हात तेवढे आहेत.

जे छायाचित्र निघाले नाही

१९४२ च्या ऑगस्टमध्ये गांधीजी व पुढे कस्तुरबा यांना पुण्याच्या आगाखान महालात कैदेत ठेवण्यात आले. १९४४ च्या आरंभी कस्तुरबांची प्रकृती फार खालावली. तेव्हा शुश्रूषेसाठी कनु यांना तेथे राहण्याची परवानगी सरकारने दिली. त्यांनी रुग्णसेवा केली, भजने म्हटली. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, महाशिवरात्रीच्या पवित्र दिवशी, कस्तुरबांनी देह ठेवला. अखेरच्या क्षणी त्यांचे मस्तक गांधीजींच्या मांडीवर होते. त्या क्षणाचे छायाचित्र घेण्यास कनु यांना परवानगी मिळाली नाही.

जगाच्या दृष्टीने ते छायाचित्र अमोल ठरले असते. वृत्तपत्रांनी त्याला हवी ती किंमत दिली असती. कनु खोलीत होते, हात सवयीचा होता. त्यांनी ते काढले नाही. आज अपघात झाला तरी आधी मोबाईल बाहेर निघतो, मदतीचा हात मागाहून येतो, अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. त्या पार्श्वभूमीवर कनु यांचा हा संयम अधिकच मोठा वाटतो. काय टिपावे हे पुष्कळांना कळते. काय टिपू नये हे कळण्यास मात्र सहवास आणि श्रद्धा दोन्ही लागतात.

त्याच वर्षी कनु यांचा विवाह बंगालमधून आश्रमात आलेल्या आभा चॅटर्जी यांच्याशी गांधीजींच्या आशीर्वादाने झाला. १९४६ च्या अखेरीस पूर्व बंगालमधील नोआखालीत दंगलीची आग पेटली. गांधीजी तेथे गेले आणि आपल्या साथीदारांना त्यांनी एकेका गावात राहून शांतीचे काम करण्यास सांगितले. कनु यांच्या वाट्यासही असे एक गाव आले. कॅमेऱ्यापेक्षा ते काम मोठे मानून ते तेथे राहिले.

३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत गांधीजी प्रार्थनेस निघाले तेव्हा त्यांचे हात दोन मुलींच्या खांद्यांवर होते. एक मनू आणि दुसऱ्या कनु यांच्या पत्नी आभा. कनु त्या दिवशी शेकडो मैल दूर नोआखालीतच होते. ज्याने दहा वर्षे ते जीवन टिपले, त्याच्या नशिबी अंत्यदर्शनही नव्हते. महायात्रेची छायाचित्रे काढली ती आंरी कार्तिये-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराने आणि इतरांनी. तीच जगभर छापली गेली.

विस्मरण

त्यानंतर कनु व आभा राजकोटकडे परतले. राजकोटजवळ त्रंबा येथे १९३९ साली कस्तुरबांना स्थानबद्ध ठेवण्यात आले होते. तेथे कस्तुरबाधाम उभे राहिले आणि या दांपत्याने ग्रामसेवेत आयुष्य घालविले. कनु यांनी आपल्या छायाचित्रांचा बाजार मांडला नाही. छायाचित्रे मात्र छापली जात राहिली, बहुधा त्यांच्या नावावाचून. १९८६ साली उत्तर भारताच्या प्रवासात त्यांचे निधन झाले. आभाताई १९९५ साली गेल्या.

विस्मरणाची कमाल अशी की नावाचाही घोटाळा झाला. जुहूच्या वाळूत गांधीजींची काठी ओढीत पुढे धावणारा मुलगा आपण चित्रात पाहिला असेल. तो कनुभाई रामदास गांधी, म्हणजे गांधीजींचा सख्खा नातू. तो पुढे अमेरिकेत शिकून इंजिनीअर झाला व २०१६ साली सुरतेस वारला. छायाचित्रकार कनु गांधी ते हे नव्हेत. तरीही दोघांची हकीकत एकमेकांत मिसळली जाते.

जर्मनीतील पीटर रूहे या गांधीभक्त संग्राहकाने ओरखडे पडलेल्या निगेटिव्ह जपण्याचे व त्या लोकांपुढे आणण्याचे काम केले. २०१५ साली दिल्लीच्या नजर फाउंडेशन या संस्थेने निवडक छायाचित्रांचे 'कनूज गांधी' हे पुस्तक प्रसिद्ध केले. म्हणजे निधनानंतर जवळजवळ ३० वर्षांनी पुस्तकाच्या कव्हरावर त्यांचे नाव आले.

गावाने घ्यावयाचा बोध

आपल्या गावातही घरोघरी जुने फोटो आहेत. पंढरपूरच्या वारीत विठ्ठल-रखुमाईच्या रंगीत पडद्यापुढे काढलेले, लग्नात काढलेले, शाळेच्या पायरीवर गुरुजींसह काढलेले, जुन्या देवळापुढच्या पालखीचे. काचेआड वाळवी शिरते, पावसाळ्यात बुरशी येते, भिंत पाडताना चौकट कोनाड्यातच राहून जाते. माणसे गेली की फोटोतील चेहऱ्यांची ओळखही जाते. जुन्या शिखराचा आकार कसा होता, दीपमाळ कोणत्या बाजूस होती, वीरगळ कोठे उभा होता, हे सांगणारा कागद पुष्कळदा असा एखादा फोटोच असतो.

म्हणून देवस्थान मंडळाने एवढे करावे. जीर्णोद्धारापूर्वीचे व काम चालू असतानाचे सर्व फोटो एकत्र करून त्यांची एक प्रत देवस्थानच्या दप्तरी ठेवावी. ज्या घरी जुना फोटो असेल त्यांनी तो देऊ नये, फक्त नक्कल करून घेऊ द्यावी. प्रत्येक फोटोच्या मागे शिसपेन्सिलीने साल, प्रसंग आणि ओळखू येतील तेवढी नावे लिहावीत. शाईने लिहू नये, ती पुढच्या बाजूस उमटते. म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांच्यापुढे बसून ही नावे विचारून घ्यावीत. आणि सर्वांत शेवटी एक ओळ न विसरता लिहावी : हा फोटो कोणी काढला.

कनु गांधींचे नाव त्यांच्या छायाचित्राखाली येण्यास फार वर्षे लागली. आपल्या गावच्या छायाचित्रकाराला एवढी वाट पाहावी लागू नये, हीच श्रीचरणी प्रार्थना.